मानपत्रातले ‘कष्ट’ : कष्ट, मेहनत आणि श्रम यांच्या वापराविषयी

इंदूरमधील एका मराठी मंडळाच्या चिटणीस असलेल्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळाचे ग्रंथालय वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा सत्कार व्हायचा असून मानपत्राच्या मसुद्यात बाईंनी ‘आपण या ग्रंथालयासाठी अपार कष्ट केलेत’ असे वाक्य लिहिले आहे. हिंदी माध्यमातून शिकलेल्या तरुण सभासदांनी त्यावर हरकत घेतली. कष्ट म्हणजे तकलीफ, मग सत्काराच्या दिवशी ‘आमच्याकडे तुम्हाला फार त्रास झाला’ असे कशाला सांगायचे, तेथे ‘मेहनत’ किंवा ‘परिश्रम’ घालावे, असे त्यांचे म्हणणे आहे. जुन्या सभासदांना मात्र मानपत्रात ‘मेहनत’ हा शब्द हलका वाटतो. या शब्दांत नेमका फरक कोणता आणि कोणता कोठे वापरावा, असे बाईंनी विचारले आहे. शिवाय पुस्तकांना वेष्टने घालून देणाऱ्या मदतनिसांना जी रक्कम द्यायची आहे, तिला मराठीत ‘पारिश्रमिक’ म्हणावे का, असाही एक उपप्रश्न आहे.

हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत भाषांतर करणे व मराठी मजकुराची मुद्रिते तपासणे हे माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे हा घोळ माझ्यासमोर सतत येत असतो. निर्णय आधी सांगतो. बाईंनी निवडलेला ‘कष्ट’ हा शब्द मराठीत पूर्णपणे योग्य आहे आणि तो बदलण्याचे काहीही कारण नाही. बदलायचे असेल तर क्रियापद बदलावे. ‘कष्ट केलेत’ ऐवजी ‘कष्ट घेतलेत’ असे लिहावे. तरुण सभासदांची शंका अज्ञानातून आलेली नाही, ती दुसऱ्या एका भाषेच्या चांगल्या ज्ञानातून आलेली आहे, आणि म्हणूनच तिचे उत्तर ‘हे शुद्ध, ते अशुद्ध’ एवढ्यावर देऊन भागणार नाही.

मराठीत ‘कष्ट’ या शब्दाचा अर्थ त्याच्यापुढे येणारे क्रियापद ठरवते. ‘कष्ट करणे’ म्हणजे अंग मोडून काम करणे. हे बहुधा पोटासाठी, घरासाठी, मुलाबाळांसाठी असते आणि ते टाळण्याची सोय करणाऱ्याला नसते. ‘कष्ट घेणे’ म्हणजे आपण होऊन, एखादे काम नीट व्हावे म्हणून श्रम पत्करणे. ‘कष्ट पडणे’ म्हणजे अपेक्षेपेक्षा काम जड जाणे. ‘जिना चढताना आजींना कष्ट पडतात’ या वाक्यात मेहनतीचा संबंधच नाही. ‘कष्ट होणे’ आणि ‘कष्ट देणे’ यांत तर निखळ त्रासच आहे. ‘कष्ट सोसणे’ हे दोन्हींच्या सीमेवर उभे आहे, आणि ‘कष्ट उपसणे’ या प्रयोगात विहिरीतून किंवा नावेतून पाणी उपसण्याचे क्रियापद आल्यामुळे कितीही काढले तरी न संपणारे काम डोळ्यांपुढे येते. नाम तेच राहते आणि अर्थ दुःखापासून उद्योगापर्यंत सरकत जातो. ग्रंथपालाने पुस्तकांवरची धूळ पुसली, फाटकी पाने चिकटवली, सूची हाताने लिहून काढली, हे कोणी त्यांच्यावर लादले नव्हते. म्हणून तेथे ‘घेतलेत’ शोभते. ‘केलेत’ लिहिल्याने वाक्य चुकत नाही, परंतु त्यातून पोटासाठी राबल्याची छटा डोकावते आणि कार्यकर्त्याच्या हौसेला ती न्याय देत नाही.

एक सावधगिरी मात्र येथेच नोंदवतो. ‘कष्ट घेणे’ नकारार्थी झाले की त्यात ठपका येतो. ‘अर्ज वाचण्याचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत’ म्हणजे त्यांनी साधी तसदीसुद्धा घेतली नाही. मानपत्रात ‘इतरांनी जे कष्ट घेतले नाहीत ते आपण घेतलेत’ अशी तुलना करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा, कारण समोर बसलेल्या श्रोत्यांना ते टोचते.

आता हिंदीकडे येऊ. हिंदीत ‘कष्ट’ हा शब्द मुख्यतः दुःख, पीडा, गैरसोय या अर्थांनी नांदतो. रस्ता खणलेला असला की पाटीवर ‘कष्ट के लिए खेद है’ असे लिहितात, निमंत्रणात ‘पधारने का कष्ट करें’ असे आर्जव असते, आणि कोणी हाल काढत असला की ‘बड़े कष्ट में है’ असे म्हणतात. इंदुरात वाढलेला मराठी मुलगा घरात ‘आजोबांनी फार कष्ट केले’ हे ऐकतो आणि बाहेर ही पाटी वाचतो, तेव्हा त्याच्या मनात दोन्ही अर्थ एकमेकांवर चढतात. त्याचे मराठी लेखनावर उलटे परिणामही दिसतात. ‘कार्यक्रमास येण्याचे कष्ट करावे’ असे लिहिलेली निमंत्रणे मी दुरुस्त केली आहेत. मराठीत ‘अगत्य येण्याचे करावे’ किंवा नुसते ‘उपस्थित राहावे, ही विनंती’ पुरते. पाटीसाठी मराठीत ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे लिहितात. पत्रात कोणाला काम सांगायचे असेल तर ‘आपणास तसदी देत आहे’ हा मुरलेला मराठी प्रयोग आहे, आणि ‘कष्ट देतो आहे’ यापेक्षा तो अधिक नम्र वाटतो.

या दोन भाषांची वाट वेगळी झाली ती कशी, हे समजून घेणे उपयोगी आहे. संस्कृतात ‘कष्ट’ हे मुळात कठीण, वाईट, पीडादायक अशा अर्थाचे विशेषण आहे आणि त्याचा संबंध परंपरेने ‘कष्’ म्हणजे घासणे, खरवडणे या धातूशी लावतात. सोने ज्यावर घासून पाहायचे त्या दगडाचे नाव ‘निकष’ हे त्याच धातूचे. म्हणजे मूळ अर्थ पीडेचाच, आणि हिंदीने तोच सांभाळला. मराठीने पीडेपासून पुढे जाऊन ज्या कामाने शरीराला पीडा होते त्या कामालाच ‘कष्ट’ म्हणायला सुरुवात केली. हे अलीकडचे नाही. सतराव्या शतकातल्या दासबोधात रामदासांनी ‘कष्टेंविण फळ नाहीं । कष्टेंविण राज्य नाहीं ।’ असे म्हटले आहे, आणि तेथे कष्टांचा अर्थ दुःख असा लावला तर ओवीच कोसळते.

तरीही मराठीने जुना अर्थ पुरता टाकलेला नाही, आणि तरुण सभासदांना पटवून देताना हे त्यांच्या बाजूचे पुरावे प्रामाणिकपणे मांडावेत. ‘कष्टी’ म्हणजे मेहनती नव्हे, कष्टी म्हणजे दुःखी. ‘ती मनातून कष्टी झाली’ हे आपण रोज म्हणतो. मेहनती माणसाला ‘कष्टाळू’ म्हणतात. वैद्यांच्या परिभाषेतला ‘कष्टसाध्य’ रोग हा मुश्किलीने बरा होणारा असतो आणि ‘कष्टार्तव’ म्हणजे वेदनेसह येणारी मासिक पाळी. लहानशा प्रत्ययाने अर्थ किती बदलतो पाहा : कष्टी, कष्टाळू आणि कष्टकरी हे तीन वेगवेगळे लोक आहेत. त्यांपैकी ‘कष्टकरी’ हा शब्द केवळ गुण सांगत नाही, तो समाजातला एक वर्ग सांगतो. पुण्याच्या हमाल पंचायतीने कामकऱ्यांना स्वस्तात जेवण मिळावे म्हणून चालवलेल्या केंद्रांना ‘कष्टाची भाकर’ हे नाव दिले. त्या नावात दुःखाची कुरकुर नाही, हक्काने मिळवलेल्या अन्नाचा अभिमान आहे. ‘मेहनतीची भाकर’ असे म्हटले असते तरी अर्थ कळला असता, पण ते वजन आले नसते.

‘मेहनत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ कसोटी, संकट असा आहे आणि परीक्षेसाठी हिंदी-उर्दूत वापरतात तो ‘इम्तिहान’ त्याच धातूपासून बनलेला आहे. कष्टाच्या मुळाशी निकष आणि मेहनतीच्या मुळाशी इम्तिहान, म्हणजे दोन्हींच्या बुडाशी कसाला लागणेच आहे, हे मला फार विलक्षण वाटते. तेव्हा तरुणांना एक गोष्ट सांगता येईल : पीडेचा उगम हा दोष मानायचा असेल तर ‘मेहनत’ही त्यातून सुटत नाही. फरक इतकाच की मेहनतीतली पीडा हिंदी आणि मराठी दोन्ही विसरल्या, कष्टांतली मराठीने अर्धीच विसरली. त्याच वाटेने आलेला ‘मशक्कत’ हिंदीत अजून कठोर श्रमांसाठी चालतो. मराठीत त्याचे ‘मशागत’ झाले आणि तो शेतात जाऊन बसला, नांगरणी, कुळवणी, ढेकळे फोडणे यांसाठी.

मेहनत ही बहुधा एखाद्या गोष्टीवर घेतली जाते. गवई गळ्यावर मेहनत घेतो, विद्यार्थी अक्षरावर, शेतकरी पिकावर, पहिलवान अंगावर. तालमीत तर जोर-बैठकांनाच ‘मेहनत’ असे नाव आहे. ती जिच्यावर घेतली ती वस्तू सुधारते, आणि सुधारलेली वस्तू हाच तिचा पुरावा असतो. कष्ट बहुधा कोणासाठी तरी केलेले असतात, आणि त्यांचा पुरावा करणाऱ्याच्या शरीरावर दिसतो. ‘आईने आमच्यासाठी कष्ट केले’ असे आपण म्हणतो. ‘आईने आमच्यासाठी मेहनत केली’ हे इंदुरात ऐकू येते, पण त्यातली आई थोडी परकी होते. येथे अपवाद आहेत, ‘पुस्तकावर फार कष्ट घेतले’ असेही लिहितात, म्हणून हा नियम न समजता कल समजावा.

पुरणपोळीच्या एका दिवसावरून हे उघड होईल. पहाटे उठून हरभऱ्याची डाळ शिजत घातली, कट काढला, गूळ घालून पुरण आटवले, गरम असतानाच पाट्यावर वाटले, कणीक तिंबून तेलात मुरवली आणि दुपारपर्यंत वीस माणसांच्या पोळ्या लाटून भाजल्या. याच कामाबद्दल घरातले लोक वेगवेगळे बोलतील. ‘पुरणावर मेहनत घेतलीय, म्हणून पोळी कडेपर्यंत भरली आहे’ असे म्हणणाऱ्याचे लक्ष पोळीकडे आहे. ‘सकाळपासून बिचारी चुलीपाशी खपते आहे’ असे म्हणणाऱ्याचे लक्ष बाईकडे आहे, आणि तिचा दिवस त्यात खर्ची पडला हे त्याला दिसते आहे. ‘खपणे’ या क्रियापदात माल खपतो तसे माणसाचे संपत जाणे आहे. आणि पुष्कळ वर्षांनी ‘त्या घरात तिने फार कष्ट उपसले’ असे कोणी म्हणेल, तेव्हा पोळीही नसेल आणि तो दिवसही नसेल, सगळा जन्म मोजलेला असेल. यांतला एक शब्द काढून दुसरा घातला तर वाक्य व्याकरणाने टिकते आणि बोलणाऱ्याची नजर बदलते. कोशात हे शब्द एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले असतात, आणि कोशाच्या मर्यादेत ते ठीकही आहे, परंतु लिहिताना त्यावर विसंबता येत नाही.

जुन्या सभासदांना ‘मेहनत’ हलका वाटतो, याचे कारणही येथेच सापडते. ‘ढोरमेहनत’ आणि ‘गाढवमेहनत’ हे सामासिक शब्द मराठीत रुळलेले आहेत. ‘ढोरकष्ट’ मात्र त्यांच्याइतका रुळलेला नाही. अक्कल न लावता केलेल्या कामाला मेहनतीचे नाव चालते, कष्टांना मात्र भाषेने एक मान राखून ठेवला आहे. ‘काबाडकष्ट’ हा शब्दसुद्धा, त्यात लाकूडफाटा आणि गवताचे भारे वाहणाऱ्या काबाड्याचे काम असूनही, करणाऱ्याला कमी लेखत नाही, त्याच्याविषयी कणव निर्माण करतो. म्हणून जुन्यांचे कान बरोबर आहेत, जरी ‘मेहनत’ शब्दात स्वतःचा असा काही कमीपणा नाही आणि संगीतशिक्षकाच्या मानपत्रात तोच सर्वांत नेमका ठरेल.

‘श्रम’ हा तिसरा शब्द थकव्यातून आलेला आहे. ‘श्रम्’ म्हणजे थकणे, शिणणे. श्रांत, विश्रांती आणि आश्रम ही त्याचीच भावंडे. ‘प्रवासाचे श्रम झाले असतील, जरा पडा’ या वाक्यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे, आणि ‘श्रमपरिहार’ हा अस्सल मराठी शब्दही त्यावरच उभा आहे : गणेशोत्सव किंवा संमेलन पार पडल्यावर राबलेल्या कार्यकर्त्यांना जे जेवण देतात, ते थकवा घालवण्यासाठी. ‘श्रमपरिहारास या’ असे इंदुरातल्या हिंदी भाषक मित्राला सांगितले तर त्याला तो शब्द नवा वाटेल, आणि जेवणाला इतके सुंदर नाव आहे हे कळल्यावर आवडेलही. याखेरीज ‘श्रम’ ही आता अर्थशास्त्राची आणि कायद्याची संज्ञा झाली आहे. भांडवल आणि श्रम, श्रमविभागणी, सश्रम कारावास. भारतीय दंड संहितेच्या कलम ५३ मध्ये कारावासाचे दोन प्रकार सांगितले होते, एक कठोर श्रमाचा आणि दुसरा साधा, त्यातला पहिला तो सश्रम. बोली मराठीत ‘सक्तमजुरी’. येथे ‘सकष्ट कारावास’ कोणी म्हटले नाही, कारण कायद्याला मोजता येणारे काम हवे असते.

शासकीय भाषेत आणखी एक फरक आहे आणि इंदूरकरांनी तो विशेष लक्षात ठेवावा, कारण मध्य प्रदेशाच्या श्रमायुक्तांचे कार्यालय याच शहरात आहे. हिंदीत श्रम विभाग आणि श्रमायुक्त. महाराष्ट्रात त्याच खात्याला कामगार विभाग आणि कामगार आयुक्त म्हणतात. हिंदीतला ‘मजदूर दिवस’ मराठीत ‘कामगार दिन’ होतो, आणि १ मे हा महाराष्ट्र दिनही असल्यामुळे मराठी मंडळांच्या पत्रिकांत दोन्ही नावे शेजारी येतात. तेथे ‘मजूर दिवस’ असे भाषांतर करू नये. मराठीत मजूर म्हणजे रोजंदारीवर काम करणारा, कामगार म्हणजे गिरणीत, कारखान्यात किंवा आस्थापनेत नोकरीवर असणारा. इंदुरातल्या मालवा मिल किंवा हुकुमचंद मिल या कापडगिरण्यांत काम केलेल्या आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्या म्हणजे चित्ररथ सजवणाऱ्या माणसांबद्दल मराठीत लिहिताना ‘गिरणी कामगार’ लिहावे. महाराष्ट्राच्या १९६९ च्या कायद्याने तर ‘माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार’ अशी पूर्ण रांगच लावली आहे, आणि अंगमेहनतीने जगणाऱ्यासाठी ‘श्रमजीवी’ हा शब्द त्यात नेमका बसला आहे.

‘परिश्रम’ याविषयी फार सांगण्यासारखे नाही. तो लेखी आणि औपचारिक आहे, हिंदीत आणि मराठीत जवळजवळ सारखाच चालतो, आणि म्हणूनच तरुणांना तो सुरक्षित वाटला. ‘आपण परिश्रम घेतलेत’ हे निर्दोष आहे. माझी अडचण एवढीच की ‘अथक परिश्रम’ ही जोडी मानपत्रांत, आभारपत्रांत आणि निधनवार्तांत इतकी वापरली गेली आहे की वाचणाऱ्याचे डोळे तिच्यावरून घसरतात. ‘चंदनासारखे झिजलात’ याचीही तीच गत. ‘राबलात’ हा शब्द जवळच्या मित्राने भाषणात वापरला तर त्यात माया असते, छापील मानपत्रात मात्र तो टाळावा, कारण राबणे हे बहुधा दुसऱ्याच्या फायद्यासाठी असते आणि संस्थेने माणसाला राबवून घेतले, असा सूर उमटतो. ‘खटपट’ हिंदी वाचकांपुढे मुळीच नको. मराठीत ती धडपड असली तरी हिंदीत ‘दोनों में खटपट हो गई’ म्हणजे भांडण. याउलट ‘झटणे’ हे क्रियापद मानपत्राला फार साजते आणि हल्ली ते विसरले गेले आहे. झटणे म्हणजे एखाद्या ध्येयासाठी मनापासून लागून राहणे. त्यात शरीरापेक्षा निष्ठा अधिक दिसते. मी वाक्य असे करीन : ‘या ग्रंथालयासाठी आपण आयुष्यभर झटलात, विस्कळीत पुस्तकांची सूची स्वतःच्या हाताने करण्याचे कष्ट घेतलेत.’ दुसऱ्या अर्ध्या भागात प्रत्यक्ष केलेले काम आल्यामुळे ‘अपार’ या विशेषणाची गरज राहत नाही, आणि ‘कष्ट’ कशाचे हे स्पष्ट झाल्यावर हिंदीत वाढलेल्या वाचकालाही त्याचा अर्थ तकलीफ असा लागणार नाही.

व्याकरणाची एक गोष्ट इंदूरच्या मराठीत हमखास चुकते, म्हणून सांगतो. श्रम किंवा मेहनत या अर्थी मराठीत ‘कष्ट’ पुल्लिंगी असून नेहमी अनेकवचनात चालतो. ‘कष्ट केले’, ‘कष्ट झाले’, ‘सारे कष्ट वाया गेले’. हिंदीतल्या ‘कष्ट हुआ’ या वळणावर ‘मला फार कष्ट झाला’ असे कोणी म्हटले की ते लगेच खटकते. ‘श्रम’ आणि ‘परिश्रम’ यांचेही असेच, ‘श्रम घेतले’, ‘परिश्रम घेतले’. ‘कष्टाने मिळवलेला पैसा’, ‘कष्टाचे चीज झाले’ अशा ठिकाणी मात्र सामान्यरूप एकवचनी येते, आणि तेथे ‘कष्टांचे’ लिहिणेही चूक नाही. ‘मेहनत’ स्त्रीलिंगी एकवचनी : ‘मेहनत घेतली’, ‘मेहनत फळाला आली’.

उरला तो ‘पारिश्रमिक’. हिंदीत हा शब्द लेखकापासून कारागिरापर्यंत कोणालाही कामाबद्दल द्यायच्या रकमेसाठी चालतो. मराठीत त्याचा अर्थ कळेल, पण तो रुळलेला नाही आणि येथे नकोच. व्याख्याता, परीक्षक किंवा लेखक यांना आदरपूर्वक दिली जाते ती रक्कम ‘मानधन’. हिंदीत ज्याला ‘मानदेय’ म्हणतात ते हेच. ठरवून केलेल्या कामाची ठरलेली रक्कम ‘मोबदला’, आणि रोजावर असेल तर ‘मजुरी’. वकील किंवा हिशेबनीस यांच्या कामासाठी ‘मेहनताना’ हा जुना शब्द अजून चालतो. वेष्टने घालणारे मदतनीस प्रत्येक पुस्तकामागे ठरलेल्या दराने काम करत असतील तर जमाखर्चात ‘पुस्तकांना वेष्टने घालण्याच्या कामाचा मोबदला’ असे लिहावे. ती विद्यार्थी मंडळी असून मंडळाने स्वखुशीने काही द्यायचे ठरवले असेल तर ‘मानधन’ लिहावे, आणि पावतीवर त्यांच्याकडून सही घेताना हाच शब्द कायम ठेवावा, म्हणजे हिशेब तपासणाऱ्याला दोन नोंदींचा मेळ घालत बसावे लागणार नाही.